‘सामान्य’ या चौकोनात खूण

प्रणाली चोपडेच्या मुलीला दोन वयं होती. साडेसहा हे शाळेच्या दाखल्यावरचं, आणि चौदा हे मिरजेतल्या एका मुलांच्या दवाखान्यातल्या पडद्यावरचं.

पडद्यावरच्या चौदा वर्षांच्या शर्वीला ना चेहरा होता ना वेण्या. दोन मूत्रपिंडं, त्यांतून खाली उतरणाऱ्या दोन नळ्या आणि तळाला मूत्राशयाची पिशवी, एवढाच तिचा ऐवज. उजवं मूत्रपिंड टवटवीत होतं. डावं आक्रोडासारखं सुरकुतून बसलं होतं आणि त्याच्या शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं: काम अकरा टक्के.

“ही तुमची शर्वी नव्हे,” डॉक्टर जहांआरा मुजावर म्हणाल्या. मुलांच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती, आणि आईबापांचे चेहरे वाचण्यातही. “ही तिची छाया. आपण काहीच केलं नाही, तर आठ वर्षांनी शर्वीच्या पोटात असं दिसेल, असं या छायेचं म्हणणं आहे.”

“म्हणणं आहे,” प्रणालीनं शब्द पकडला. “म्हणजे चुकूही शकतं?”

“शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांच्या बाबतीत खरं निघालंय.”

“बघ,” सुशांत म्हणाला. हा प्रणालीचा नवरा तासगावकडच्या द्राक्षबागांवर फवारणी करणारी ड्रोन दुरुस्त करायचा. यंत्र बिघडलं तर माणसानं ते नीट वापरलेलं नसतं, हा त्याचा धंद्यातला अनुभव होता आणि घरातलाही आग्रह.

शर्वीला दीड वर्षात चारदा हुडहुडी भरून ताप आला होता, आणि चारही वेळा लघवीत जंतू सापडले होते. का, ते डॉक्टरांनी कागदावर पेननं काढून दाखवलं.

“विहिरीवरच्या मोटरीला फुटव्हॉल असतो ना? वर चढलेलं पाणी उलटं फिरू नये म्हणून? तशीच सोय इथं आहे. मूत्रपिंडातून आलेली नळी पिशवीच्या भिंतीत तिरकी घुसते. पिशवी भरली की भिंत ताणली जाते, नळी दबते आणि तोंड बंद. लघवी वर जाऊ शकत नाही. शर्वीच्या दोन्ही झडपा गळतात. पिशवी भरली की लघवी उलटी वर चढते, सोबत जंतू नेते, आणि दर तापाला मूत्रपिंडावर एक वण पडतो. तो वण जात नाही.”

“मग झडप दुरुस्त करायची,” सुशांत म्हणाला.

“तेच. पिशवी उघडायची, दोन्ही नळ्या सोडवायच्या आणि भिंतीतून जास्त लांब, जास्त तिरक्या नेऊन बसवायच्या. तीन तासांचं काम.”

पूर्वी अशा मुलांच्या बाबतीत डॉक्टरांमध्ये दोन तट पडायचे. कितीतरी मुलांच्या झडपा वाढत्या वयात आपोआप सुधारतात, म्हणून काही जण थांबा म्हणत. थांबण्यात कुणाचं मूत्रपिंड जातं, म्हणून काही जण लगेच करा म्हणत. छाया आली आणि हा अंदाजपंचे कारभार संपला. मुलाच्या पोटावर पापडाएवढी मऊ पट्टी तीन आठवडे चिकटवायची. ती आवाजाच्या, पण कानाला न कळणाऱ्या लाटा आत सोडते आणि पिशवी किती भरली, किती रिकामी झाली, नळ्या कधी फुगल्या ते मोजत राहते. वर रक्ताचा एक थेंब आणि आईवडिलांनी भरायचा बावन्न प्रश्नांचा अर्ज. एवढ्यावरून यंत्र आपल्या पोटात ते मूल घडवतं आणि एका दुपारीत आठ वर्षांनी मोठं करून दाखवतं.

प्रणाली एसटीत वाहक होती. अर्ज तिनंच भरला होता, कामावर, मिरज ते जत बसमध्ये उभ्या उभ्या. शस्त्रक्रियेची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

ते चार महिने घरात चौघं राहत होती, चौथी ती चौदा वर्षांची. पट्टी तीन आठवड्यांनंतरही काढली नव्हती. तिचे आकडे फोनवर दिसायचे आणि रोज संध्याकाळी छाया स्वतःला सुधारून घ्यायची. अकराचे कधी बारा व्हायचे, कधी दहा. बारा असले की प्रणाली शिरा करायची. दहा असले की शर्वीच्या अक्षरापासून चपलांपर्यंत सगळ्यातच काहीतरी चुकलेलं निघायचं.

“आई, आज मी किती आहे?” शर्वीनं एकदा विचारलं.

“अकरा.”

“कितीपैकी?”

“शंभर.”

शर्वीनं थोडा विचार केला. “मग मी नापास.”

प्रणालीनं फोन डब्यांच्या फडताळात ठेवला आणि दहा मिनिटांनी स्वतःच जाऊन काढला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शर्वी दवाखान्यात दाखल झाली. दुपारचे चार वाजले होते. वॉर्डच्या सिस्टर एस्तेर सातपुते हातातल्या डिजिटल पाटीवर सगळ्या मुलांच्या पट्ट्यांचे आकडे बघत फिरत होत्या. शर्वीच्या खाटेशी त्या थांबल्या.

“काय गं भवाने, चारशे दहा मिली? तुझ्या वयाच्या पोरीची पिशवी अडीचशेत भरते. चल, जाऊन येऊ.”

“नको.”

“लागली न्हाई?”

“लागलीय. पण मी धरते,” शर्वी म्हणाली. मान ताठ, जणू पाढे म्हणून दाखवत होती. “मी शहाणी आहे. सहलीला सगळ्या पोरी सारखी सारखी गाडी थांबवत होत्या. मी एकदापण नाही थांबवली. माझी आईपण बसमध्ये कधीच नाही जात.”

प्रणालीला कौतुकाचं हसू आलं. तिनं सिस्टरकडं पाहिलं आणि ते हसू निम्म्यातच थांबलं. एस्तेर सिस्टर हसत नव्हत्या. त्या मॅडमना फोन लावत होत्या.

डॉक्टर मुजावर आल्या त्या हिरव्या टोपीतच. एक शस्त्रक्रिया संपवून दुसरीकडं निघाल्या होत्या. त्यांनी प्रणालीचा जुना अर्ज उघडला.

“प्रश्न एकोणिसावा. मूल दिवसभरात लघवीला किती वेळा जातं? कमी, सामान्य, जास्त. तुम्ही ‘सामान्य’ या चौकोनात खूण केलीय.”

“सामान्यच आहे की. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर आणि झोपताना.”

“आणि शाळेत?”

“शाळेत कशाला जाईल?” प्रणालीला प्रश्नच कळेना.

“तिथलं शौचालय घाण आहे?”

“छे छे, चकचकीत आहे. आपल्या घरातल्यापेक्षा बरं. पण तिला तशी सवयच नाही मॅडम. बाटलीसुद्धा भरून दिली तशी भरलेली परत आणते. कुठं गेलो तरी हिचा काही त्रास नाही.” बोलता बोलता तिचा आवाज आपोआप बारीक होत गेला. “बाहेर पडायच्या आधी पाणी प्यायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला. आमच्यात कामावर जाणाऱ्या सगळ्या बायका तसंच करतात.”

“तुम्ही आज किती वेळा गेलात?”

“सकाळी. घरातून निघताना.”

“सिस्टर, एक नवी पट्टी आणा.”

पडदा ओढला, पट्टी लागली. एस्तेर सिस्टरनी आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

“सातशे ऐंशी! बाई, पोटात बसची टाकी बसवलीया का काय?”

“बस बॅटरीवर चालते, सिस्टर,” प्रणाली म्हणाली, दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून.

“आणि त्रास?” डॉक्टरांनी विचारलं.

“होतो की. वर्षातून दोन-तीनदा जळजळ होते. बाईमाणसाला तेवढं चालायचंच.”

डॉक्टर मुजावर स्टुलावर बसल्या. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. “पट्टी मला लावू नका, सिस्टर. मी सकाळी आठपासून थिएटरमध्ये आहे,” त्या म्हणाल्या. मग तिघीही एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि खाटेवरची शहाणी मुलगी तिघींकडं.

“आधी तुम्ही जाऊन या,” डॉक्टर म्हणाल्या. “शर्वीला घेऊन. मीपण जाते. मग बोलू.”

नंतर त्यांनी जे सांगितलं ते प्रणालीनं भिंतीला टेकून ऐकलं. पट्टीनं काय पाहिलं? पिशवी रोज सात-सात तास तुडुंब. भिंत जाड झालेली. रिकामी होताना पुरती रिकामी होत नाही. यंत्रानं अर्जात पाहिलं, तर आई म्हणते पोर वेळच्या वेळी जाते. वेळच्या वेळी जाऊनही पिशवी भरलेलीच, याचा अर्थ यंत्रानं लावला की पिशवीत आणि झडपांत जन्मजात दोष आहे, आणि असा दोष वय वाढलं म्हणून जात नाही. पण पोर धरून ठेवते आहे हे कळलं, की त्याच चित्रांचा अर्थ फिरतो. झडपा तितक्या कच्च्या नसतीलही. आतल्या दाबानं त्या रोज ढकलून उघडल्या जात असतील.

“छायेनं चूक केली नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिला आपण चुकीचं सांगितलं. आणि मीही तो प्रश्न तोंडी विचारला नाही. हा अर्ज आल्यापासून एकाही आईनं ‘कमी’ या चौकोनात खूण केलेली मला आठवत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.”

सुशांत थर्मास घेऊन आला तेव्हा अर्ज पुन्हा भरायचं काम चालू होतं. सगळं ऐकून तो चिडलाच.

“चार महिने या तारखेसाठी थांबलो आणि आदल्या दिवशी एक खूण बदलायची? प्रणाली, तुला पहिल्यापासून ऑपरेशन नकोच होतं. यंत्र काय खोटं बोलतं का?”

“यंत्र नाही. मी बोलले.”

“तू?”

“मला खरंच वाटलं होतं रे, तीनदा म्हणजे बरोबर. मी तिला शहाणी म्हणत राहिले. प्रत्येक वेळी तिनं धरून ठेवलं की शहाणी म्हटलं.”

थर्मासचं झाकण सुशांतनं उगीचच उघडलं, पुन्हा लावलं.

“मी रोज सोडतो तिला शाळेत,” तो म्हणाला. “बाटली मीच तिच्या पाठीवर अडकवतो, आणि संध्याकाळी मीच काढतो. भरलेली. वजन कळतं की हाताला. मीपण त्याच घरात राहतो.”

नव्या छायेला चाळीस मिनिटं लागली. पडद्यावर चौदा वर्षांची शर्वी पुसली गेली आणि तळापासून पुन्हा आकाराला आली. प्रणालीनं डोळे मिटून घेतले होते. सुशांतनं तिच्या दंडाला धरून हलवलं.

डावं मूत्रपिंड आक्रोड राहिलं नव्हतं. थोडं लहान, एका कडेला वण, पण मूत्रपिंडासारखं मूत्रपिंड. काम त्रेचाळीस टक्के, आणि दोन मूत्रपिंडांत एकाचा पुरा वाटा पन्नासच असतो. आज ते चव्वेचाळीस होतं. खाली एक ओळ होती: दर अडीच तासांनी लघवी, दिवसाला सव्वा लिटर पाणी, ही अट पाळल्यास. आणि त्याखाली दुसरी: न पाळल्यास अकरा.

“उद्याची जागा मी दुसऱ्या मुलाला देते,” डॉक्टर म्हणाल्या. “तीन महिने. नाही जमलं तर ऑपरेशन आहेच, त्यात वेळ दवडायचा नाही. जमलं तर पोट उघडावं लागणार नाही.”

पोटावरची सुरी गेली आणि तिच्या जागी घड्याळ आलं. शर्वीच्या मनगटावर दर अडीच तासांनी ते थरथरायचं. पहिल्या आठवड्यात तिनं ते तीनदा दप्तरात लपवलं.

“अगं, जायचं असतं!” प्रणाली ओरडली.

“तू जातेस का?”

“मी मोठी आहे.”

“तू गेलीस तर मी जाईन. तूपण पट्टी लाव.”

पट्टी लागली. आता संध्याकाळी फोन शर्वीच्या हातात असायचा.

“आई, साडेअकराला तू सहाशेवर होतीस. फसवलंस.”

त्यामुळं बस थांबवणं आलं. या बसला ड्रायव्हर नव्हता. ती स्वतःच चालायची आणि नेमलेल्या थांब्यांवरच थांबायची. वाहक मात्र माणूसच ठेवला होता, कारण गाठोडी चढवायला, म्हाताऱ्यांना जागा मिळवून द्यायला आणि खिडकीवरून होणारी भांडणं सोडवायला अजून यंत्र निघालं नव्हतं. मध्येच थांबायचं तर लाल बटण दाबून यादीतलं कारण निवडावं लागे: टायर, रास्ता रोको, प्रवासी आजारी, गुरं आडवी आली. प्रणालीनं पहिल्या दिवशी यादी दोनदा वाचली आणि ‘गुरं’ निवडलं. कवठेमहांकाळच्या पुढं चार्जिंग स्टेशन होतं, तिथं ती उतरून धावत गेली.

“ओ बाई, कुठं निघाला? जतला लग्न हाय माझ्या भाच्याचं!” मागून एक फेटेवाले ओरडले.

“आलेच मामा, दोन मिनिटं.”

“मला सांगायचंस तरी,” पुढच्या बाकावरची भाजीवाली टोपली बाजूला सारत उठली. “थांब, मीबी येते. ढालगावच्या अलीकडं जीव जातो नुसता.”

तिच्यामागून आणखी एक उठली. मग दोन कॉलेजच्या मुली. चौथ्या दिवशी अकरा बायका उतरल्या, आणि भाच्याच्या लग्नाचे नव्हेत, पण दुसरे एक फेटेवालेही, इकडंतिकडं बघत.

आठवडाभरानं आगारातून साहेबांचा फोन आला. “चोपडेबाई, रोज अकरा वीसला त्याच जागी गुरं कशी येतात? सिस्टीम म्हणतीय तिथं तारेचं कुंपण घाला. मी वरती लिहून पाठवलंय.”

प्रणालीच्या तोंडावर ‘हो साहेब, फार गुरं’ आलंच होतं. ते तिनं गिळलं.

“गुरं नाहीत साहेब. मी लघवीला जाते.”

साहेबांनी यादी उघडल्याची खटखट फोनवर ऐकू आली.

“असं... हे कारण यादीत नाही, बाई.”

“मग घाला यादीत. मी एकदा एका चौकोनात चुकीची खूण केली, तर माझ्या पोरीचं पोट फाडायची वेळ आली होती. आता मी गुरांवर खूण करणार नाही.”

कुंपण रद्द व्हायला वेळ लागला. थांबा मात्र महिनाभरात वेळापत्रकात आला, दहा मिनिटांचा, कारण न लिहिता.

तीन महिन्यांनी डॉक्टर मुजावरांनी पुन्हा तपासणी केली. तीन महिन्यांत ताप एकदाही आला नव्हता. पिशवीची भिंत मऊ पडली होती. उजवी झडप पक्की मिटत होती. डावी अजून थोडी पाझरत होती.

“हिला एक टोचणी द्यायची,” डॉक्टर म्हणाल्या. “चिरायचं काहीच नाही. लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत, नळीच्या तोंडाखाली जेलचा एक थेंब. तिथं उंचवटा येतो आणि तोंड मिटतं. भूल देऊन पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी घरी.”

प्रत्यक्षात अठरा मिनिटं लागली. सुशांतनं मोजली. प्रणालीनं त्या अठरा मिनिटांत बाकावरच्या सनमायक्यातल्या सगळ्या रेघा पाठ केल्या.

शर्वी शुद्धीवर आली, चिडचिडली, बिस्किटं मागितली, मिळाली नाहीत म्हणून रडली, मग नारळपाणी प्यायली. डॉक्टरांनी पाटीवर छाया उघडली. चौदा वर्षांची शर्वी तिथं होती, दोन्ही मूत्रपिंडं शाबूत, डाव्याशेजारी हिरव्या अक्षरांत चव्वेचाळीस.

“आता वर्षातून एकदा साधी सोनोग्राफी पुरे. ही छाया फोनवर ठेवायची तर ठेवा. पुष्कळ पालक ठेवतात.”

प्रणालीनं सुशांतकडं पाहिलं. तो ठेवायचंच म्हणेल, हे ती धरून चालली होती.

“नको, बंद करा,” तो म्हणाला. “चौदा वर्षांची होईल तेव्हा बघू की तिला. घाई काय आहे?”

डॉक्टरांनी बोट टेकवलं. पडदा काळा झाला, आणि प्रणालीच्या मानेतला सात महिन्यांचा एक पीळ सुटला.

एकच काम राहिलं होतं. टोचणीनंतर मूल एकदा आपली आपण नीट लघवी करतं आहे हे पाहिल्याशिवाय घरी सोडत नाहीत. सूज येऊन अडलं तर नळी घालावी लागते. चार वाजता शर्वी म्हणाली, नाही लागली. साडेचारला म्हणाली, दुखेल. पाच वाजता ती खाटेवरून उतरली, आईचा हात झटकला, एकटी शौचालयात गेली आणि आतून कडी लावली.

बाहेर प्रणाली दाराशी उभी राहिली. तिच्या मागं सुशांत. एस्तेर सिस्टर औषधांची गाडी ढकलत आल्या आणि तिथंच थबकल्या. घरी निघालेल्या डॉक्टर मुजावर खांद्यावर पर्स घेऊन आल्या, त्याही थांबल्या. चौघंही दाराकडं कान करून उभी. मिनिट गेलं. दुसरं गेलं. आत काहीच नाही. सुशांतनं खोकला आला तो दाबला.

“तिथं कोण कोण उभंय?” आतून आवाज आला.

चौघांनीही पाय मागं ओढले.

“मला पाय दिसतायत! खालून! आठ पाय आहेत! जा ना तिकडं सगळे, असं ऐकत बसल्यावर मला होतच नाही!”

प्रणाली, तिचा नवरा, सिस्टर आणि डॉक्टर, अशी चौघं शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी एकामागून एक व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. एस्तेर सिस्टरची गाडी मध्येच राहिली. समोरच्या खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. प्रणालीला ते त्या क्षणी सगळेच्या सगळे बंद करावेसे वाटले.

मग मागून, दाराच्या पलीकडून, धार पडल्याचा आवाज आला. चांगला जोरात, न अडखळता, लांबवर चाललेला. डॉक्टर मुजावरांनी पर्सचा पट्टा सरळ केला. सुशांतनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. प्रणाली भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली आणि तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिली. तो बराच वेळ थांबला नाही.